सासूबाईंच्या नावाचा कृमी

१

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच आतल्या खोलीतून माझ्या भाचीचा आवाज आला, "मामा, तो गेला!"

आमच्या संशोधन केंद्रात कोणी 'गेला' म्हटलं की घाबरायचं कारण नसतं. इथे बहुतेक जण आधीच गेलेले असतात. कपाटांत ओळीने बरण्या, बरण्यांत मासे, आणि त्यांच्या कल्ल्यांवर चिकटून राहणाऱ्या चपटकृमींची काचेत मांडलेली वसाहत. आम्ही तलावातले मासे धरतो, कल्ले उलगडतो आणि तिथे कोण फुकट राहतंय ते पाहतो. मी पाहतो आणि कागदावर काढतो, कारण मी चित्रकार. मी काढलेल्या एका कृमीच्या चित्रावर टाकीतला मासा खिडकीतून उडी मारून आला आणि खाज सुटल्यासारखा गाल घासून गेला, हे तुम्हांला खरं वाटणार नाही. नका मानू. पुढचं मात्र माना.

मी कप घेऊनच आत गेलो. भाची मायक्रोस्कोपपाशी उभी होती, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"कोण गेला गं?"

"आईंचा कृमी!"

आई म्हणजे तिच्या सासूबाई. लग्न झाल्यावर ही पोर केंद्र सोडायला निघाली होती. सासूबाईंनी हातात डबा दिला, पाठीवर हात ठेवून दाराबाहेर काढलं आणि म्हणाल्या, "घर मी बघते, तू तुझे किडे बघ." त्याची परतफेड म्हणून हिने मिशीवाल्या माशाच्या कल्ल्यावर सापडलेल्या नव्या जातीच्या कृमीला सासूबाईंचं नाव द्यायचं ठरवलं. आळीतल्या बायका हसल्या. "सुनेने सासूच्या नावाने जळू पाळली!" सासूबाईंनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. "नीट बोला. जळू रक्त पिते. माझा चपटकृमी आहे. तो नुसती चिकचिक चाटतो."

तर तो गेला होता.

मी नळीला डोळा लावला. स्लाइडच्या खालच्या अंगाला भाचीने हिऱ्याच्या लेखणीने कोरलेलं वर्तुळ स्वच्छ दिसत होतं. कृमी इथे आहे, अशी खूण. वर्तुळात पिवळसर राळ होती. राळेत काही नव्हतं.

"दुसरी स्लाइड लावलीस का चुकून?"

"मामा, चिठ्ठीवरचं अक्षर माझं, वर्तुळ माझं. काचही हलवली नाहीये कोणी. बघा, कड कशी जशीच्या तशी आहे."

खरंच होतं. खाली जाड काच, वर नखाएवढी पातळ काच, मध्ये राळ, आणि चारही बाजूंनी नेलपॉलिशची गर्द लाल चौकट. कुठे चीर नाही, टवका नाही. कुलूपबंद खोलीतून माणूस नाहीसा झाल्याच्या गोष्टी मी शेकडो ऐकल्यात, त्यांतल्या काही मीच रचल्यात. पण ही खोली कागदापेक्षा थोडी जाड होती आणि तिला दार नव्हतंच.

"दुपारच्या गाडीने तज्ज्ञ येताहेत," भाची खाली बसली. "तेवढ्यासाठीच येताहेत. मी त्यांना काय दाखवू? मोकळं वर्तुळ?"

२

हे एवढं का झोंबलं ते सांगतो. जात नवी आहे हे जगाला पटवायचं तर एक मूळ नमुना हातात लागतो. नाव त्या नमुन्याला चिकटतं. नमुना नाही तर नाव नाही. तलावाचं पाणी उतरलं होतं तेव्हा या माशाच्या कल्ल्यांतून भाचीला मूठभर कृमी मिळाले. काही काढतानाच फाटले, काही तिने मोठ्या संस्थेत नेऊन वाटून घोटून त्यांची जनुकं तपासली. धडधाकट असा एकच उरला, तो या काचेत. आता तलाव काठोकाठ भरलाय आणि मिशीवाला मासा खोल चिखलात जाऊन बसलाय. पुन्हा पाणी उतरेपर्यंत तो हाती लागायचा नाही.

आणि तोवर गोळाबेरीज थांबला नसता.

गोळाबेरीज म्हणजे शेजारच्या खोलीतले आमचे दुसरे संशोधक. माणूस हुशार, हात असे स्थिर की सुईच्या टोकावर सुई उभी करील. पण दहा जातींचे कृमी समोर ठेवले तर हा चष्मा पुसून म्हणणार, "हे सगळं एकच आहे." म्हणून ते नाव पडलं. त्याने पूर्वी याच तलावातल्या दुसऱ्या माशावरचा एक कृमी नोंदवला होता. भाचीचा कृमी पाहून तो म्हणाला होता, "हा माझाच आहे. तू वरची काच जोरात दाबलीस, तो चेपला, म्हणून त्याचे गळासारखे आकडे पसरट दिसतात."

"सर, दाबली नाही मी," भाची म्हणाली होती.

"सगळे तसंच म्हणतात," गोळाबेरीज म्हणाला होता.

कृमी मेलेला असो की जिवंत, त्याची ओळख शेपटीकडच्या चकतीवरच्या आकड्यांवरून पटते. त्या आकड्यांनीच तो कल्ल्याला लटकून राहतो. भाचीच्या कृमीच्या आकड्यांना बुडाशी टाच होती, म्हणजे छोटा उंचवटा, गोळाबेरजेच्या कृमीच्या आकड्यांना नव्हती. टाच खरी की चेपल्यामुळे आलेली, हेच तज्ज्ञ पाहायला येणार होते.

"चित्र आहे ना मी काढलेलं," मी धीर दिला. "टाचेसकट."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर मला समजली. माशाने चित्रावर गाल घासल्याची गोष्ट मी त्या तज्ज्ञांना मागच्या खेपेस सांगितली होती. पुरावा म्हणून फक्त माझं चित्र पुढे ठेवणं म्हणजे कृमी सशाच्या शिंगाच्या पंगतीला बसला असता.

"मोठ्या बाईंना बोलाव," मी म्हणालो.

३

मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या जुन्या प्रमुख. निवृत्त झाल्या तरी रोज सकाळी येऊन व्हरांड्यात आरामखुर्चीत बसतात. सध्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यावर पट्टी. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावायला सक्त मनाई केलेली. "मग मी पाहणार नाही, विचारणार," त्या म्हणाल्या. "पाहणाऱ्याला समोर असतं तेच दिसतं, विचारणाऱ्याला मागचंही दिसतं."

त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, आणि तो कृमीबद्दल नव्हता.

"मामा, मान कशी आहे? आज सरळ दिसताय."

इथे मला सांगायलाच हवं. माझी मान उजवीकडे धरलेली असते, इतकी वर्षं की शिंप्याने माझी कॉलरसुद्धा तिरकी शिवायला घेतली. आणि मागच्या काही दिवसांत ती आपोआप मोकळी झाली होती. म्हणजे आपोआप नव्हे. माझ्या तेलाने.

"बाई, मी स्वतः शोधलंय ते तेल," मी खुलून म्हणालो. "कशाचं ते विचारू नका. माझ्या आजोबांनी या तेलाने एका बैलाचं वाकडं शिंग सरळ केलं होतं."

"कधीपासून बरी आहे?"

"ही पोर मोठ्या संस्थेत गेली, आणि इथे भिंतींना रंग लावायला घेतला, त्या सुमारापासून."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि उरलेला डोळा मिटून बसल्या. मला वाटलं, तेल मागतील.

मागितलं नाही. त्यांनी विचारलं, "मुली, काच बंद कधी केलीस? लाल चौकट कधी ओढलीस?"

भाची चाचरली. "मांडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. राळ सुकायला थांबायला हवं होतं, पण मला निघायचं होतं. धूळ बसू नये म्हणून चौकट लावून टाकली."

"बिनरंगी पॉलिश का नाही लावलंस, नेहमीचं?"

"संपलं होतं. आईंची बाटली पर्समध्ये होती, तीच वापरली."

"निघण्यापूर्वी कृमी जागेवर होता?"

"मी पाहिला, मामांनी चित्रही काढलं. लाल रंगवलेला, अगदी वर्तुळाच्या मध्ये."

बाई म्हणाल्या, "चौकट फुटलेली नाही, म्हणजे चोर आत गेला नाही. मालही बाहेर आला नाही. कृमी आतच आहे."

"बाई, मी सगळी काच पाहिली," भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोपरान्‌कोपरा. चौकटीच्या आत कुठेही नाही!"

४

गोळाबेरीज दारात येऊन उभा राहिला, तो बोलावण्याआधीच. हातात कप नाही, चष्मा पुसणं नाही. मी मनात म्हटलं, आला चोर पायांनी चालत.

"बस," बाई म्हणाल्या. तो त्यांचा जुना विद्यार्थी. "अरे, न बोलावता आलास, म्हणजे ही नव्हती तेव्हा तू तिची स्लाइड पाहिलीस ना?"

मी इतका चमकलो की मान पुन्हा धरली असती.

गोळाबेरजेने मान खाली घातली. "पाहिली, बाई. चोरून. मला ती टाच एकदा मोजायची होती. रंगकाम चालू होतं, कोणी नव्हतं, म्हणून डबी उघडली."

"आणि?"

"वर्तुळ रिकामं होतं."

भाची ताडकन उठली. "आणि तुम्ही गप्प बसलात? सर!"

"काय सांगणार होतो? मी तुझी स्लाइड चोरून पाहिली आणि माझ्या हातात असताना ती रिकामी होती? मामांचाही विश्वास बसला नसता, आणि मामांचा कशावरही बसतो."

हे मात्र खरं होतं.

"मला वाटलं, तूच कृमी काढून घेतलास," तो भाचीला म्हणाला. "टाच खोटी निघेल म्हणून."

"मी?"

"तुला वाटलं मी, मला वाटलं तू," गोळाबेरीज म्हणाला. "म्हटलं ना, सगळं एकच."

कोणी हसलं नाही, बाई सोडून.

"डबी हातात घेतलीस तेव्हा काय जाणवलं?"

तो विचारात पडला. "कोमट होती. म्हणजे गरम नव्हे, कोणी मांडीवर घेऊन बसल्यासारखी."

आता खोलीची रचना सांगायला हवी. आमचं स्लाइडच्या डब्यांचं फडताळ लांबट, वाळवणीच्या, म्हणजे गरम हवेने वस्तू वाळवायच्या विजेच्या कपाटाच्या बरोबर वर. ते कपाट एरवी बंदच असतं. वरच्या फळीवर हिरव्या लाकडी डब्या रांगेने उभ्या ठेवायची पद्धत, पुस्तकांसारख्या. प्रत्येकीवर लांबीच्या दिशेने माशाचं नाव, आणि भाचीच्या नव्या डबीवर सासूबाईंचंही. मी बसतो त्या टेबलासमोरच.

"किल्लीकाकांना बोलवा," बाई म्हणाल्या.

५

किल्लीकाका केंद्राची सगळी कुलपं सांभाळतात. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की ते चालले की घोडागाडी आल्यासारखं वाटतं. आज मात्र ते आले तेव्हा आवाज आला नाही. त्यांनी जुडगा मुठीत घट्ट धरला होता.

"भिंतींना रंग लावताना तुम्ही वाळवणीचं कपाट चालू ठेवलं होतंत?"

"भिंती ओल्या होत्या, बाई. म्हटलं, दार उघडं ठेवून कपाट चालू केलं तर खोली लवकर वाळेल. काही बिघडलं का?"

"नुसत्या त्याने नाही. आणखी काय केलंत?"

"काही नाही."

"काका."

बाईंनी एवढंच म्हटलं. पण त्या 'काका'त एवढी माया आणि एवढा दरारा होता की किल्लीकाकांची मूठ सुटली आणि जुडगा खळकन वाजला.

"परक्या माणसांना आत सोडायचं नाही, हा नियम मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण त्या परक्या नव्हत्या हो. या पोरीच्या सासूबाई. आळीतल्या बायका घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, 'माझा कृमी यांना दाखवायचाय, नुसता लांबून.' त्या चौघी दारात उभ्या होत्या, चपला काढून, देवळात आल्यासारख्या. मला नाही म्हणवलं नाही."

"डबी उघडली?"

"छे! कोणी हात लावला नाही. निदान मी होतो तोवर. मग मला रंगाऱ्याने हाक मारली, मी गेलो, आलो तेव्हा बायका निघालेल्या."

माझ्या डोक्यात चक्र फिरलं. सासूबाई! स्वतःच्या नावाच्या कृमीवर एवढं प्रेम की पळवून नेला? घरी काचेच्या कपाटात मांडला? मी हा तर्क मोठ्याने बोलून दाखवणार इतक्यात व्हरांड्यात चपला वाजल्या आणि दारातून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं, पाहुणे आले का? आणि माझा कृमी कुठाय?"

६

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हाताची बोटं दाराच्या चौकटीवर टकटक वाजत होती. नखं गर्द लाल, ताजी रंगवलेली.

 भाची म्हणाली, "आई, तो हरवलाय."

सासूबाईंनी डबा हळूच टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुझं काम अडलं का गं त्याच्यामुळे?"

 तेवढ्यात मोठ्या बाई उठल्या.

"सासूबाई, तुम्ही बायकांना घेऊन आलात तेव्हा इथे कशाला हात लावलात?"

"अहो, हात कोण लावतंय! ती डबी बघायचीसुद्धा छाती नव्हती आमची."

"आणि फडताळ?"

"ते होय," सासूबाई सैलावल्या. "ते तेवढं नीट केलं. अहो, सगळ्या डब्या उभ्या! एकीवरचं अक्षर सरळ वाचता येईल तर शपथ. माझं नाव त्या बायकांना मान वाकडी करून वाचायला लागत होतं. घरात असं ठेवलं असतं तर हिच्या सासऱ्यांनी... म्हणून मी एकेक डबी आडवी केली. अगदी हळू. अक्षरं कशी समोर आली!"

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा एकच डोळा, पण चार डोळ्यांचं हसू त्यात होतं.

"मामा, तुमच्या मानेचं तेल हे असं होतं. इतकी वर्षं तुम्ही समोरच्या उभ्या डब्यांवरची नावं मान तिरकी करून वाचत होतात. डब्या आडव्या झाल्या, मान सरळ झाली. तुम्ही मान बरी म्हणालात तेव्हाच मला कळलं की फडताळावर कोणाचा तरी हात फिरलाय. कोणाचा, ते विचारायचं होतं."

माझं तेल वाया गेलं. बैलाचं शिंग कशाने सरळ झालं, याचा आता नव्याने शोध घ्यायला हवा.

"पण डबी आडवी ठेवली तर बिघडलं काय?" सासूबाई गोंधळल्या. "वस्तू आडवी ठेवणं बरंच ना?"

"इथे उलटं आहे," भाची एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. "आई, डबीत स्लाइडसाठी खाचा असतात. डबी उभी असली की आतल्या स्लाइड आडव्या पडून राहतात, इमारतीच्या मजल्यांसारख्या. डबी आडवी केली की आतल्या सगळ्या स्लाइड कडेवर उभ्या राहतात!"

"जुन्या स्लाइडना त्याने काही होत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांतली राळ दगडासारखी झालीय. पण ही एक ताजी. राळ ओली, वरून चौकट घातलेली, म्हणजे सुकायला वाट नाही. खालून कपाटाची ऊब. राळ पातळ झाली, आणि आपला कृमी हळूहळू, अगदी आरामात, खाली घसरला."

"म्हणजे तो खालच्या कडेला असायला हवा," गोळाबेरीज पुढे सरसावला.

"नाहीये," भाचीचा चेहरा पुन्हा पडला. "मी कडा पाहिल्या, सर. तिथे काहीच नाही."

"कडेला काहीच नाही?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मुली, कडेला काय आहे?"

भाचीने स्लाइड उचलली. मग सासूबाईंच्या नखांकडे पाहिलं. मग पुन्हा स्लाइडकडे.

"अगं बाई," ती पुटपुटली.

७

गर्द लाल चौकट. आणि गर्द लाल रंगवलेला कृमी. बिनरंगी पॉलिश असतं तर तो आरशातल्यासारखा दिसला असता. सासूबाईंच्या रंगाच्या पडद्यामागे तो असा लपला होता की जगातला कोणताही मायक्रोस्कोप त्याला शोधू शकला नसता.

"पॉलिश वरच्या काचेवरच आहे," बाई म्हणाल्या. "ते पुसलं की झालं. पण राळेला धक्का लागता कामा नये. हात थरथरला तर कृमी कायमचा गेला." त्या थांबल्या. "कोणाचा हात स्थिर आहे?"

सगळ्यांनी गोळाबेरजेकडे पाहिलं.

तो मागे सरकला. "बाई, मी नको. काही झालं तर लोक म्हणतील..."

"मी म्हणणार नाही," भाची म्हणाली आणि तिने स्लाइड त्याच्या हातात दिली.

त्या क्षणी मला वाटलं, आता काही खरं नाही. ज्याच्या जातीत हा कृमी बुडणार होता त्याच्याच बोटांत तो. गोळाबेरीज टेबलाशी बसला. कापसाचा बारीक बोळा पॉलिश काढायच्या पाण्यात बुडवला, निथळला, पुन्हा निथळला. श्वास रोखला. आम्हीही रोखला. किल्लीकाकांनी जुडगा छातीशी धरला. बोळा लाल झाला, दुसरा घेतला, तोही लाल झाला. हळूहळू खालची कड उघडी पडत गेली.

मग त्याने स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि नळीला डोळा लावला. चाक जरा पुढे, जरा मागे फिरवलं.

"सर?" भाची.

"आहे."

सासूबाईंनी टाळी वाजवली. गोळाबेरजेने हात वर केला, त्यांना थांबवलं आणि तसाच पाहत राहिला.

"टाच आहे का?" भाचीने घाबरत विचारलं.

"आहे," तो म्हणाला. मग त्याने डोळा काढला, चष्मा पुसला, आणि आम्ही सगळे त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहू लागलो. ते आलं नाही. तो म्हणाला, "मुली, मी म्हणालो होतो की तू याला दाबलंस. दाबलेला कृमी दोन काचांत अडकून बसतो. राळ कितीही पातळ झाली तरी तो जागचा हलत नाही. हा एवढा घसरत आला, म्हणजे याच्या वर-खाली मोकळी जागा होती. हा चेपलेलाच नव्हता. टाच याची स्वतःची आहे." त्याने उसासा टाकला. "हा माझा नाही. हा वेगळा."

बाईंनी मला हळूच कोपर मारलं. "ऐकलंत? गोळाबेरजेने पहिल्यांदा वजाबाकी केली."

बाहेर गाडीचा कर्णा वाजला. तज्ज्ञ आले होते.

८

तज्ज्ञांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, माझं चित्र मागवलं आणि टाच टाचेशी जुळवली. "मामांनी पहिल्यांदा काहीतरी जसंच्या तसं सांगितलंय," ते म्हणाले. मी नम्रपणे मान डोलावली. डोलावता येत होती तोवर डोलावून घेतली. मग गोळाबेरजेने स्वतः त्यांना कृमी कसा घसरला आणि त्यावरून काय सिद्ध होतं ते समजावून सांगितलं. बाई आरामखुर्चीत डोळा मिटून ऐकत होत्या. त्यांना कुठे चूक सापडली नाही, म्हणून त्या झोपल्या असाव्यात.

ठरलं ते असं: राळ पुरती सुकू द्यायची, मग नवी चौकट, बिनरंगी. कृमीच्या नव्या जागेभोवती नवं वर्तुळ. नाव तेच, सासूबाईंचं.

"आई, तुम्ही डब्या आडव्या केल्या नसत्या तर सरांना हे पटलं नसतं," भाची म्हणाली.

"म्हणजे मी बरंच केलं ना?" सासूबाई डबा उघडत म्हणाल्या. सगळ्यांना पुरेल इतकं त्यात होतं, तज्ज्ञांनाही.

"पण आई, पुन्हा करू नका."

"नाही करणार. पण मला एक सांग, त्याला तिथे मध्ये ठेवलं होतंस, आरामात, खाऊन-पिऊन. तो का गेला कडेला?"

"राळ पातळ झाली ना, आई."

"राळबिळ काही नाही," सासूबाई लाल नखांनी टेबलावर टकटक करत म्हणाल्या. "माझं नाव दिलंस ना त्याला? मग तो एका जागी बसेल कसा!"

दुसऱ्या दिवशी किल्लीकाकांनी सगळ्या डब्या पुन्हा उभ्या केल्या. मी टेबलाशी बसलो, नव्या डबीवरचं नाव वाचायला मान उजवीकडे कलवली, आणि ती तशीच धरली. शिंप्याला निरोप धाडला, पुढच्या सदऱ्याची कॉलर नेहमीसारखीच तिरकी शिव.

तेलाची बाटली अजून भरलेली आहे. ज्याला हवी त्याने न्यावी. बैल असल्यास उत्तम.